विमानाला ‘सक्तीचा अपडेट’ म्हणजे नेमकं काय? आई-वडिलांना बसवायचंय

तासगावचा_बेदाणा

नमस्कार. मी तासगावचा, बेदाण्याचा व्यापार आहे. दिल्लीच्या गिऱ्हाइकांकडे वर्षातून दोन-तीन खेपा होतात.

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार. दिल्लीहून पुण्याला यायचं होतं, विमान साडेचार तास हललं नाही. काउंटरवरची मुलगी ‘टेक्निकल अपडेट आहे सर’ एवढंच म्हणत होती. तिलाही त्यापुढचं कुणी सांगितलं नसावं, लोकांच्या शिव्या ऐकून तोंड सुकलं होतं बिचारीचं. शेजारच्या माणसानं मोबाइलवर बातमी दाखवली तेव्हा कळलं, की एअरबसच्या ए३२० जातीच्या जगभरातल्या सुमारे ६,००० विमानांना कंट्रोलचं सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय उडायचं नाही असा हुकूम निघालाय.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील ३१ वर्षं साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, बॉयलरला वर्साला इन्स्पेक्टर येतोय. सर्टिफिकेट संपलं की आग लावायची न्हाय म्हंजे न्हाय, मग ऊस गव्हाणीत वाळू दे. ह्या इमानाला तसा कोण हाय का? का कंपनी म्हनंल तवा बंद, कंपनी म्हनंल तवा चालू?”

मला उत्तर देता आलं नाही. संक्रांत झाली की दोघांना काशीला न्यायचंय, तिकिटं त्याच जातीच्या विमानाची आहेत. आई तयार आहे. वडील म्हणतात, आधी उत्तर आण, मग बसतो. हा हुकूम कोण काढतं, कंपनीला तो पुढं ढकलता येतो का, आणि झालेलं काम बरोबर झालंय हे कोण बघतं? कुणाला खात्रीनं माहीत असेल तर सांगा.

कास_पठार

भाऊ, विमान कंपन्या काही खरं सांगत नाहीत. आज सॉफ्टवेअर, उद्या अजून काही. म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास? मिरजेहून गोवा एक्सप्रेस आहे, दिल्लीपर्यंत आरामात जा, पुढं काशीची गाडी धरा.

रात्रपाळी_गावभाग

काकांचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. मी सांगलीचा, गावभागातला. विमान देखभालीचा लायसन्सधारक इंजिनियर, म्हणजे एएमई. माझं काम एव्हियॉनिक्सचं: वायरिंग, कॉम्प्युटर, उपकरणं. मुंबईत १७ वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या शनिवारी मी रात्रपाळीला होतो, एका पाळीत तीन विमानं केली.

काकांना सांगा, इन्स्पेक्टर आहे आणि हुकूम बॉयलरइतकाच कडक आहे. विमानाचं डिझाइन ज्या देशाच्या यंत्रणेनं मंजूर केलं, तीच यंत्रणा दोष सापडला की हुकूम काढते. एअरबस असेल तर युरोपची ईएएसए, बोईंग असेल तर अमेरिकेची एफएए. त्याचं नाव एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, हँगरमध्ये आम्ही नुसतं ‘एडी’ म्हणतो. आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा, ते काम बंधनकारक करते. एडीत सांगितलेलं काम मुदतीत झालं नाही, तर ते विमान कायद्यानं उडण्यालायक राहत नाही. प्रवासी आत बसलेले असोत, वैमानिक तयार असो, काही फरक पडत नाही. सर्टिफिकेट संपलेला बॉयलर आणि ते विमान एकाच रांगेत.

आता या वेळी काय झालं ते. ३० ऑक्टोबर २०२५ ला जेटब्लू कंपनीचं ए३२० कानकूनहून न्यूअर्कला जात होतं. वैमानिकानं काहीही न करता विमानाचं नाक अचानक खाली गेलं. माणसं जखमी झाली, विमान टँपाला उतरवावं लागलं. तपासात बोट आलं ‘एलॅक’ नावाच्या कॉम्प्युटरवर. वैमानिकाच्या हातातली साइडस्टिक थेट शेपटीशी जोडलेली नसते. ती एलॅकला सांगते, आणि एलॅक शेपटीचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) अन् पंखांवरचे एलेरॉन (विमान डावं-उजवं कलवणारे) हलवायला लावतो. सूर्याकडून येणारा तीव्र किरणोत्सर्ग त्यातली माहिती बिघडवू शकतो आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ते पकडलं जात नाही, असं एअरबसच्या विश्लेषणात निघालं. २८ नोव्हेंबरला ईएएसएनं तातडीचा एडी काढला. दुसऱ्या दिवशी डीजीसीएनं आपल्याकडच्या विमानांना तो लागू केला. भारतात अशी ३३८ विमानं होती.

आणि मुदत होती आपल्या वेळेनं ३० नोव्हेंबरची पहाट, ५ वाजून २९ मिनिटं. त्यानंतर काम न झालेलं विमान प्रवासी घेऊन उडणार नाही. महिने नाहीत, आठवडे नाहीत, एक रात्र.

तुम्ही साडेचार तास खुर्चीवर बसला होता तेव्हा त्या विमानात काय चाललं असेल ते सांगतो. मी दिल्लीत नव्हतो, पण काम सगळीकडे सारखंच. कॉकपिटच्या खाली, पुढच्या चाकाजवळून शिरायची एक बुटकी जागा असते, एव्हियॉनिक्स बे. कंबरेत वाकूनच आत जावं लागतं. पंख्यांचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलायचं. मांडणीवर डबे लावावेत तशा कॉम्प्युटरच्या पेट्या ओळीनं लावलेल्या, त्यात दोन एलॅक. बहुतेक विमानांना पेटी काढावी लागली नाही, सॉफ्टवेअर आधीच्या आवृत्तीवर नेलं की झालं. काहींची पेटीच बदलावी लागली. पेटी काढायची असेल तर मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय हात लावायचा नाही, आपल्या अंगातली स्थिर वीज आतली चिप मारू शकते.

लोडिंग झालं की कॉकपिटमध्ये दोन सीटच्या मधे असलेल्या छोट्या स्क्रीनवर पेटी स्वतःचा पार्ट नंबर दाखवते. तो नंबर एडीच्या कागदाशी ताडून बघायचा. मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाचतो, माझा टेक्निशियन कागदावर बघत ‘बरोबर’ म्हणतो. मग उलटं, तो वाचतो आणि मी बघतो. दोन्ही पेट्यांचं वेगवेगळं. रात्री तीन वाजता ३ आणि ८ मध्ये डोळा फसतो, म्हणून ही पद्धत.

मग कंट्रोल हलवून बघायचे. त्याआधी खाली हेडसेट लावलेला माणूस पंखाखालून, शेपटीखालून फिरून येतो, कुणी शिडीवर नाही ना बघतो. तो ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत साइडस्टिकला हात लागत नाही. हायड्रॉलिक दाब ३,००० पीएसआय असतो. काकांनी आयुष्य दाबाशेजारी काढलंय, तो आकडा ऐकून त्यांना कळेल एलेरॉनच्या वाटेत हात आला तर काय होईल. साइडस्टिक डावी, उजवी, पुढं, मागं. वर स्क्रीनवर हिरवे बाण सरकतात, आणि खालचा माणूस बाहेरचं सांगतो: डावा वर, उजवा खाली. स्क्रीन आणि माणूस दोघांचं जुळलं, तरच पुढं.

शेवटी सही. नोंदीखाली माझं नाव, लायसन्स नंबर, तारीख, वेळ. कंपनीची सही चालत नाही, माणसाची लागते.

राहिला प्रश्न पुढं ढकलण्याचा. एडी हातात आला की मी आधी मुदत वाचतो, काम नंतर. मुदतीवरून कळतं काढणाऱ्याला धोका किती जवळ वाटतो. पण प्रत्येक वेळी ती बरोबर ठरवली गेली असं मी म्हणणार नाही. बोईंग ७३७ च्या रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं, उदाहरण घ्या. ३ मार्च १९९१ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जला युनायटेडचं विमान पडलं, २५ माणसं गेली. कारण लवकर सापडलं नाही. ८ सप्टेंबर १९९४ ला पिट्सबर्गजवळ यूएसएअरचं पडलं, १३२ गेली. पुढं दिसलं की रडर फिरवणाऱ्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हची आतली सरकती दांडी अडकू शकते, आणि अडकली तर रडर वैमानिकाच्या पायाच्या उलट दिशेला जाऊ शकतो. अख्खी रडर यंत्रणा बदलण्याचा एडी निघाला २००२ मध्ये, आणि त्याला मुदत दिली सहा वर्षं. हजारो विमानं, नवे भाग बनवायचे, सगळं मान्य. मधल्या काळासाठी दुसरे उपायही केले होते. तरी ती सहा वर्षं मला आजही जास्त वाटतात.

आणि एक एडी असा आहे की ज्याची मुदत छोटी होती, पण काम चुकीचं होतं. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ माणसं. कॅप्टन भव्ये सुनेजा आपल्या दिल्लीचे, वय ३१. नाकाजवळचा एकच सेन्सर चुकला आणि एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर परत परत नाक खाली दाबत राहिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच एफएएचा तातडीचा एडी आला. पण त्यात विमानाला हात लावायचा नव्हता, वैमानिकांच्या पुस्तकात पानं घालायची होती. असं झालं तर असं करा. दोष विमानात तसाच राहिला. १० मार्च २०१९ ला इथिओपियात दुसरं पडलं, १५७ माणसं. त्यानंतर जगभर विमानं जमिनीवर बसली, आणि खरा एडी यायला नोव्हेंबर २०२० उजाडला: नवं सॉफ्टवेअर दोन्ही सेन्सर ताडून बघणारं, शेपटीकडे जाणाऱ्या वायरी एकमेकींपासून दूर, सेन्सरची चाचणी, प्रत्येक विमानाचं प्रवाशांशिवाय एक उड्डाण. आपल्याकडे बंदी उठली ऑगस्ट २०२१ ला.

म्हणून नोव्हेंबरमध्ये ‘पुढच्या उड्डाणाआधी’ असा शब्द वाचला तेव्हा मला बरं वाटलं. लोक चिडले, पोरं-बाळं घेऊन जमिनीवर झोपले, त्याचं वाईट वाटतंच. पण त्या रात्री जी विमानं थांबली ती दोष घेऊन उडत नव्हती.

कास_पठार, तुमच्या काळजीबद्दल राग नाही. पण हे झाकलेलं नव्हतं. एडी कुणालाही वाचायला मिळतो, त्यात दोष काय आणि परिणाम काय हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं.

अजिंक्यतारा_टेस्टर

मी साताऱ्याची, नोकरी पुण्यात, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. वरचं सगळं पटलं, पण दोन ठिकाणी अडले.

एक, आधीच्या आवृत्तीवर परत जाणं हा आमच्याकडे शेवटचा उपाय असतो. नवी आवृत्ती कुणीतरी कशासाठी तरी केली होती, ते सगळं सोडून दिलं ना?

दोन, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगते. ७ ऑक्टोबर २००८, सिंगापूरहून पर्थला जाणारं ए३३०. एका युनिटमधून विमानाच्या नाकाच्या कोनाचे अधूनमधून भलतेच आकडे यायला लागले. सेन्सर तीन होते, चुकीचा आकडा गाळायची सोय होती. पण आकडे अगदी ठराविक अंतरानं उसळले आणि ती गाळणी त्यांना फसली. विमानानं दोनदा नाक खाली टाकलं, शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. पट्टा न बांधलेली माणसं छताला आपटली. पुढं ते सॉफ्टवेअर बदललं. म्हणजे ‘तीन आहेत, एक बिघडलं तर दोन आहेत’ हे वाक्य ऐकून मला झोप येत नाही. ए३२० ला दोन एलॅक आहेत, पण दोन्हींत एकच सॉफ्टवेअर ना?

आणि सक्तीच्या हुकमाचं सांगितलंत. जिथं नुसती शिफारस असते तिथं काय होतं?

रात्रपाळी_गावभाग

ताई, तिन्ही प्रश्न बरोबर आहेत.

आधीच्या आवृत्तीवर गेलं की नव्यातल्या सुधारणा सुटतात, हे खरं. पण जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं उडालेली होती आणि हा कच्चा दुवा तिच्यात नव्हता. एका रात्रीत नवीन सॉफ्टवेअर लिहून, तपासून देता येत नाही, आणि तसं कुणी दिलं असतं तर मी ते घालायला घाबरलो असतो. हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता.

दोन एलॅकमध्ये एकच सॉफ्टवेअर, हेही बरोबर. पण ए३२० चे कंट्रोल फक्त एलॅकवर नाहीत. एकूण सात कॉम्प्युटर आहेत: दोन एलॅक, तीन सेक, दोन फॅक. एलॅक आणि सेक मुद्दामच वेगळ्या प्रोसेसरवर, वेगळ्या माणसांकडून बनवून घेतले, एकाची चूक दुसऱ्यात उतरू नये म्हणून. प्रत्येक पेटीत दोन भाग: एक हुकूम देणारा, दुसरा त्याच्यावर नजर ठेवणारा. दोघांचं पटलं नाही तर पेटी बाजूला होते. तरीही जेटब्लूच्या विमानात नाक खाली गेलंच. म्हणून तर एडी काढावा लागला. तुमची झोप उडते ते बरंच आहे ताई, गाड्यांत बसणाऱ्यांचं भलं होईल.

असाच एक एडी बोईंग ७८७ चा, २०१६ सालचा. विमानाची वीज सलग २२ दिवस चालू राहिली तर कंट्रोलचे तिन्ही मॉड्यूल एकाच वेळी रीसेट होऊ शकतात असं आढळलं. हुकूम काय? दर २१ दिवसांच्या आत वीज बंद करून चालू करा, आणि नोंद करा. ऐकायला किरकोळ. पण ती नोंद राहिली तर विमान थांबतं.

आता शिफारशीचं. हे सांगलीच्या माणसाला एका वाक्यात कळतं, कारण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली आम्ही तेच वाचत वाढलोय. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टला मी सुट्टीवर घरी होतो. पाणी चाळिशीला आलं तेव्हा भोंगा फिरला, पण घर सोडायची सक्ती नव्हती. आमची आत्या म्हणाली, दोन हजार पाचला पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, बघू. सगळी गल्ली ‘बघू’ म्हणत होती. मी पायरीवर खडूनं रेघ मारली. जेवण करून आलो तर रेघ पाण्याखाली होती. दुसऱ्या दिवशी आत्याला बोटीतून काढलं, शेगडी अन् पासबुकं तेवढी घेतली. पुढं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा खोटा नव्हता. त्याला फक्त मुदत नव्हती.

विमानातली शिफारस तशीच. २०१८ मध्ये एफएएनं बोईंगच्या काही विमानांतल्या इंधन बंद-चालू करायच्या स्विचबद्दल एक सूचना काढली होती, की स्विच चुकून हलू नये म्हणून जी अडकण असते ती नीट आहे का बघा. ती सूचना होती, एडी नव्हता. १२ जून २०२५ ला अहमदाबादला ७८७ पडलं, त्याच्या प्राथमिक अहवालात लिहिलंय की सूचना बंधनकारक नसल्यानं ती तपासणी केली नव्हती. अपघात त्यामुळेच झाला असं तो अहवाल म्हणत नाही, मीही म्हणत नाही, आणि हा स्विच कंट्रोलचा भागही नाही. पण जुलैत डीजीसीएनं तीच तपासणी एका आठवड्याच्या मुदतीत सक्तीची केली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी केली. जवळपास सात वर्षं जे ‘बघू’ होतं ते सात दिवसांत झालं.

तासगावचा_बेदाणा

दादा, सगळं वडिलांना वाचून दाखवलं. दोन तास गेले, मधे मधे थांबवत होते. स्क्रीन आणि खालचा माणूस दोघांचं जुळलं तरच पुढं, हे त्यांना फार आवडलं. म्हणाले, आमी पन बॉयलरचं पानी दावनाऱ्या गेजग्लासवर कधी इस्वास ठेवला न्हाय, कॉक उघडून पानी बघायचंच.

मग एकच प्रश्न विचारला, तसाच लिहितो: “ज्यानं सही केली त्याचं कळलं. ज्यानं सही केली न्हाय त्याचं काय हुतंय?”

रात्रपाळी_गावभाग

काकांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो. पहाटेच्या फ्लाइटआधी कंट्रोलच्या एका सेन्सरचा कनेक्टर बदलला होता. चाचणी एकदा पास झाली, एकदा नापास, मग परत दोनदा पास. ऑफिसातून फोन आला, शेवटच्या दोन पास आहेत ना, सोडा. मी म्हटलं, मधली नापास का झाली ते कळल्याशिवाय माझं नाव लिहिणार नाही. पाच मिनिटांनी आणखी वरच्या माणसाचा फोन. मी पेन खिशाला लावून कनेक्टर परत उघडला. एक पिन अर्धवट मागं सरकलेली होती. टॉर्च तिरपी धरली तेव्हा दिसली, बाकीच्यांपेक्षा केसभर आत. हालचालीनं कधी टेकायची, कधी नाही. विमान तीन तास उशिरा गेलं.

मला कुणी काढलं नाही. पण पुढचे सात महिने चांगल्या पाळ्या मिळाल्या नाहीत, आणि ट्रेनिंगच्या यादीतून नाव दोनदा गळलं. नंतर मी ती नोकरी सोडली. खरं तेच सांगतो, काकांना खोटं चालणार नाही.

सही नाकारायचा हक्क कागदावर पक्का आहे. तो वापरणारा माणूस मात्र त्या रात्री एकटा असतो.

अजिंक्यतारा_टेस्टर

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही असंच होतं, फक्त आमची गाडी आकाशात नसते.

तासगावचे दादा, आईंना आणि काकांना एक सांगा: पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडायचा नाही, सैल करून का होईना, बांधूनच बसायचं. क्वांटासला पट्टा न बांधलेल्यांनाच जास्त लागलं.

तासगावचा_बेदाणा

वडिलांना शेवटचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःचं सांगितलं, जे मला आजवर माहीत नव्हतं. हंगामाचा पहिला दिवस, मोळी टाकायला पाहुणे येऊन बसलेले, आणि एका बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळत होता. त्यांनी आग लावायला नकार दिला. मोळी संध्याकाळी पडली. त्या वर्षी बढतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. आईला माहीत होतं, तिनंही कधी सांगितलं नाही.

दादा, ते म्हणाले, त्या पोराला सांग, आमी बसतोय. आईनं खिडकीची सीट मागितलीय, आजच बदलून घेतो.